हे कशावरून? शिक्षक-पालकांची प्रश्नोत्तरे

या खेपेच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे: मुलं इंटरनेटवरून जे उचलतात त्यातलं खरं किती, आणि ते ओळखायला शिकवायचं कसं. त्यांतले चार प्रश्न घेतो.

मी आठवीला शिकवते. संकेतस्थळ तपासायची यादी वर्गात लावली आहे: लेखकाचं नाव, तारीख, शुद्धलेखन, पत्त्याजवळचं कुलूप, शेवटी ‘डॉट ऑर्ग’ आहे का. मुलं इमानेइतबारे खुणा करतात आणि तरी भलतंच पान खरं मानतात. कुठे चुकतंय? (शिक्षिका, संगमनेर)

यादीच चुकतेय, बाई. तुम्ही पानालाच विचारताय, ‘बाबा रे, तू खरा का?’ ते हो म्हणणारच. कुलुपाचा अर्थ एवढाच की तुमची आणि त्या संकेतस्थळाची देवाणघेवाण मधल्यामध्ये कुणी वाचू शकत नाही. पलीकडे कोण बसलंय हे ते सांगत नाही. लबाडालाही ते फुकट मिळतं. ‘डॉट ऑर्ग’ तर कुणीही विकत घेतो. ‘जीओव्ही डॉट इन’ मात्र फक्त सरकारी संस्थांना मिळतं, तेवढी खूण यादीत ठेवा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅग्रू यांनी 45 जणांना संगणकापुढे बसवलं: 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक फॅक्टचेकर (माहिती खरी की खोटी हे तपासणारे) आणि 25 विद्यार्थी. एका कामात अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या दोन संघटनांची पानं होती. एक 1930 पासूनची, हजारो सदस्यांची. दुसरी 2002 मध्ये वेगळी चूल मांडलेल्या छोट्या गटाची, पण दिसायला तितकीच रुबाबदार. विद्यार्थी ते पान वरून खाली वाचत बसले आणि बरेच फसले. इतिहासतज्ज्ञांपैकीही काही फसले. फॅक्टचेकरनी पान जेमतेम पाहिलं, नवा टॅब उघडला आणि या संघटनेबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधलं. सोयरीक जुळवताना आपण हेच करतो की! मुलगा कसा आहे हे त्याच्या आईला विचारत नाही, गावात चौकशी करतो.

वर्गात करून बघा: एक पान, दोन मिनिटं, आणि अट अशी की त्या पानावर थांबायचं नाही. शेवटी प्रत्येकाने सांगायचं की हे पान कोण चालवतं आणि हे त्याला कुठून कळलं.

मुलीने निबंधात शिवाजी महाराजांचा जन्म 1627 चा लिहिला. बाईंनी लाल रेघ मारली. तिने तर इंटरनेटवर चार ठिकाणी तेच वाचलं होतं. मग विश्वास ठेवायचा कुणावर? (पालक, ठाणे)

रेघ बरोबर आहे, पण नुसती रेघ मारून सोडणं बरोबर नाही. माझ्या वर्गात हे झालं असतं तर मी अख्खा तास त्यावर घालवला असता.

आधी त्या चार ठिकाणांचं बघू. चार पानं म्हणजे चार साक्षीदार नव्हेत. बहुधा एकाने लिहिलेलं असतं आणि तिघांनी उतरवलेलं. वाक्यं शेजारी ठेवून पाहा, स्वल्पविरामसुद्धा जुळतील.

आता तारखेचं. 1627 ही कुणी मारलेली थाप नाही. वैशाख शुद्ध द्वितीया, शके 1549, म्हणजे 6 एप्रिल 1627, ही तिथी बखरींतून आली, आणि त्या बखरी महाराजांच्या पुष्कळ नंतरच्या. पुढे 1916 मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली उजेडात आणली. ही कारीच्या जेधे देशमुखांकडची नोंद. तीत तिथी आहे फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551. महाराजांच्या हयातीतल्या कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच. 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख इथून आली आणि सरकारही तीच मानतं.

म्हणजे मुलीला थापेबाज पान भेटलं नव्हतं, जुनं मत भेटलं होतं. हा फरक तिला समजावून सांगा. कुणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि त्याला कुठून कळलं, हे तीन प्रश्न तिला स्वतःला विचारू दे. अस्सल कागद की नक्कल, हा घोळ इतिहासाचार्य राजवाडे इंटरनेटच्या शंभर वर्षं आधी निस्तरत होते. आपण काही नवीन शोधलेलं नाही.

प्रकल्पात विकिपीडिया आणि एआय चालू द्यावं का? (मुख्याध्यापक, लातूर)

विकिपीडिया सुरुवातीला चालेल, शेवटाला नाही. मुलांना तळटिपांपर्यंत न्या. जिथे तळटीपच नाही तिथे थांबवा. मराठी विश्वकोश जास्त भरवशाचा, कारण नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. पण त्याचा पहिला खंड 1976 चा आहे हे विसरू नका; तिथली लोकसंख्या आज उतरवली तर फजितीच. एआयकडे संदर्भ मागितला की कधीकधी ते नसलेलं पुस्तकही पृष्ठक्रमांकासकट सांगतं. ते पुस्तक मुलांना ग्रंथालयात शोधायला लावा. सापडलं नाही की धडा आपोआप होतो.

आमचे आजोबा कुटुंबाच्या ग्रुपवर रोज काहीबाही पाठवतात. खोटं आहे म्हटलं की चिडतात. काय करू? (इयत्ता नववी, नाशिक)

अरे, सगळ्यांसमोर खोडून काढलंस तर चिडणारच! ग्रुपवर गप्प बस. संध्याकाळी शेजारी जाऊन बस आणि म्हण, ‘आजोबा, हे आलं कुठून ते बघू या का?’ फोटो असेल तर गूगल लेन्समध्ये टाक; बरेचदा तो पाच वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच देशातला निघतो.

आणि त्यांना राईनपाड्याची आठवण करून दे. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात 1 जुलै 2018 रोजी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी माणसं, पण मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज तेव्हा गावोगाव पसरले होते. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर मुळात कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. मूल परत आणून सोडतात तो भाग कुणीतरी कापून टाकला होता. पाठवणाऱ्यांतले कितीतरी जण आपल्या आजोबांसारखेच, नातवंडांच्या काळजीने पाठवत होते.

आणि एखाद्या दिवशी आजोबांनी तुझाच मेसेज खोटा ठरवला, तर मुकाट्याने डिलीट कर.