चेऊल, चौल आणि चंपावती

प्रश्न : अलिबागजवळचे चौल हे आमचे मूळ गाव. पणजोबांच्या कागदांत ते 'चेऊल' असे लिहिलेले आहे. यातले शुद्ध कोणते? आणि चौल हा 'चंपावती'चा अपभ्रंश आहे, हे खरे का?

नाही, अजिबात नाही. दोन शब्द 'च'ने सुरू झाले की एकाला दुसऱ्याचा अपभ्रंश म्हणायची खोड आता तरी सोडायला हवी. 'चंपक'चा मराठीत चाफा होतो. त्याचा चेऊल कुठल्या वाटेने होणार? चंपावती हे पुराणातले गोड नाव आहे. माहात्म्यात, आरतीत ते खुशाल असू द्यावे. पण एरवी शिलालेखांखेरीज न बोलणारे अभ्यासकही एकाच पानावर 'चेमुल' आणि 'चंपावती' दोन्ही देतात आणि निवाडा करत नाहीत, याची मला चीड येते.

गावाचे जुने नाव चेमुल. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत ते आहे. शिलाहार राजा अनंतदेवाचा शके 1016चा (इ. स. 1094) खारेपाटणचा ताम्रपट आहे, त्यात ठाणे, सोपारा या बंदरांच्या पंक्तीला हेच नाव येते. आता दोन स्वरांमधल्या 'म'चे मराठीत काय होते ते पाहा. श्यामलचा सावळा, आमलकाचा आवळा, नामाचे नाव. खुद्द 'गाव' हा शब्दही ग्रामातल्या 'म'चा 'व' होऊनच आला. चेमुलचे तसेच चेवुल झाले, आणि पुढच्या 'उ'त तो 'व' विरून चेऊल. पंधराव्या शतकात रशियन व्यापारी अफनासी निकितीन इथे उतरला, तो 'चिविल' लिहितो. तोवर 'म' गेलेला होता.

पण खरी गंमत ग्रीकांकडे आहे. पहिल्या शतकातल्या पेरिप्लसमध्ये, म्हणजे ग्रीक भाषेतल्या सागरी व्यापाराच्या वाटाड्या ग्रंथात, कल्याणनंतरचे बंदर 'सेमिल्ला'. दुसऱ्या शतकातला भूगोलकार टॉलेमी 'सिमिल्ला' म्हणतो आणि पुढे सांगतो की तिथले लोक त्याला 'तिमूला' म्हणतात. ही दोन गावे नव्हेत, आणि नकलकाराची चूकही नव्हे. ग्रीक भाषेला 'च' नाही. मग कधी 'स'वर भागवायचे, कधी 'ति'वर. चंद्रगुप्ताचा झाला सँड्रोकोट्टस, आणि याच टॉलेमीने उज्जैनच्या क्षत्रप राजा चष्टनाचा केला तिआस्तनेस. सिमिल्ला हे दर्यावर्दींच्या तोंडात रुळलेले नाव आणि तिमूला हे गावकऱ्यांच्या उच्चाराच्या जवळ जाण्याची धडपड, असे माझे ठाम मत आहे. अरबांनाही 'च' नव्हता. त्यांनी 'सैमूर' केले. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल् मसूदी तिथे येऊन गेला. परक्यांच्या या अडखळण्यातूनच कळते की मूळ नावाच्या आरंभी 'च'च होता.

चेमुल म्हणजे मुंबईचे चेंबूर, असेही काही जुने संशोधक मांडून गेले आणि ते अजून उद्धृत होते. मला ते मुळीच पटत नाही. 'म'मागून 'ब' उपटतो तो जोडाक्षरात : आम्रचा आंबा, ताम्रचे तांबे. चेमुलमध्ये 'म' आणि 'ल' यांच्यामध्ये 'उ' ठाण मांडून बसला आहे. तिथे 'ब' शिरायला फटच नाही. शिवाय पेरिप्लस कल्याणहून दक्षिणेकडे सरकत बंदरे सांगतो, आणि त्या वाटेवर कुंडलिकेच्या मुखाशी चौल बसलेले आहे.

पोर्तुगीज 1505च्या सुमारास आले आणि 1740मध्ये गेले. खालच्या चौलात, म्हणजे रेवदंड्याला, त्यांचा तट अजून उभा आहे. ते 'चाउल' लिहीत. आजच्या 'औ'ला त्यांच्या या लेखनाचा आधार मिळाला असावा, असे मला वाटते.

तुमच्या पणजोबांनी लिहिलेला 'चेऊल' शुद्धच. मराठेशाहीच्या कागदांतही तो आहे. आज पत्त्यावर चौल लिहा, तेही चूक नाही. मात्र घरात कोणाचे आडनाव चेऊलकर असेल तर त्याचे चौलकर करू नका.