मेनफ्रेमला डिस्क फायबरने जोडतात म्हणजे नक्की काय करतात?

मेनफ्रेममधून (बँका वगैरे वापरतात त्या मोठ्या संगणकातून) निघालेली पिवळी फायबर थेट डिस्कच्या कपाटात जाते, की मध्ये ऑफिससारखं नेटवर्क असतं, असा तुमचा प्रश्न. आयबीएम मेनफ्रेमवर बरीच वर्षं रात्रपाळ्या काढल्यात, म्हणून लिहितो.

थेटही जाते, पण बहुतेक ठिकाणी मध्ये ‘डायरेक्टर’ नावाचा मोठा स्विच असतो. मात्र त्याला ऑफिसातलं इथरनेट समजू नका. मेनफ्रेमचा प्रोसेसर डिस्कशी स्वतः बोलत बसत नाही. ‘अमुक रेकॉर्ड वाच, मेमरीत तमुक जागी ठेव’ अशी हुकुमांची यादी चॅनेलकडे, म्हणजे देवाणघेवाणीचं काम बघणाऱ्या मेनफ्रेममधल्याच वेगळ्या यंत्रणेकडे, सोपवून तो दुसऱ्या कामाला लागतो. पुढे डिस्कच्या कंट्रोल युनिटशी (डिस्क चालवणाऱ्या यंत्राशी) चॅनेलच बोलतं आणि काम उरकलं की प्रोसेसरला इंटरप्ट, म्हणजे ‘झालं’ असा इशारा, देतं. 1964 च्या सिस्टिम/360 पासून ही रीत तीच आहे, बदलला तो रस्ता.

आधी फॉल्स फ्लोअरखाली (केबलसाठी उचलून बसवलेल्या फरशीखाली) ‘बस अँड टॅग’च्या जाडजूड तांब्याच्या केबल्स असत. बसमधून डेटा, टॅगमधून ‘दिलं’, ‘घेतलं’च्या खुणा. साधारण 400 फुटांवर मर्यादा संपायची, वेग फार तर सेकंदाला 4.5 मेगाबाइट. 1990 मध्ये एस्कॉन आलं: काचेचे दोन धागे, एक जायला, एक यायला. वेग 17 मेगाबाइटपर्यंत गेला, एलईडीवर 3 किलोमीटर अंतर मिळालं. पण एक चॅनेल एका वेळी एकाच कंट्रोल युनिटशी बोलायचं, बाकीचे रांगेत.

ती रांग मोडली 1998 च्या फायकॉनने. यात हुकूम मेनफ्रेमचेच, पण ‘फायबर चॅनेल’ या सर्वसाधारण नेटवर्क पद्धतीच्या फ्रेममध्ये, म्हणजे डेटाच्या छोट्या पाकिटांत, भरलेले. प्रत्येक फ्रेमवर पत्ता असल्यामुळे एकाच धाग्यावरून अनेक डिस्कची कामं एकमेकांत मिसळून धावतात. सॅनवाले (डिस्कसाठीचं वेगळं नेटवर्क वापरणारे) साधे सर्व्हरही हेच फायबर चॅनेल वापरतात, फक्त त्यांच्या फ्रेममध्ये स्कझीचे, म्हणजे साध्या सर्व्हरच्या डिस्क-भाषेतले, हुकूम असतात.

एका रात्री आमच्याकडे डिस्कचा एक मार्ग सारखा एरर देत होता. कार्ड बदललं, तरी तेच. शेवटी फायबरचा कनेक्टर स्कोपखाली (सूक्ष्मदर्शकाखाली) धरला, तर टोकावर धुळीचा कण! सिंगलमोड प्रकारच्या या धाग्याचा गाभा जेमतेम 9 मायक्रॉनचा, त्याला तेवढा कण पुरतो. (नुसत्या डोळ्यांनी टोकात कधी बघू नका, तो लेझर दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.) त्या डिस्कला आणखी तीन मार्ग होते, त्यामुळे रात्रीची बॅच (एकगठ्ठा चालणारी कामं) अडली नाही. टोक पुसलं, मार्ग ‘व्हॅरी ऑनलाइन’ हुकुमाने पुन्हा चालू केला आणि चहाला गेलो.