लॉ कॉलेजच्या प्राध्यापकांना कोर्टाचा अनुभव असतो का? प्रवेश घेताना ते बघावं का?

पूर्णवेळ प्राध्यापक बहुतेक एलएलएम, मग नेट किंवा सेट, मग पीएचडी या वाटेनं येतात. पूर्णवेळ पगारी नोकरी धरली की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, स्थगित करावी लागते, त्यामुळे मनात असलं तरी वकिली करता येत नाही. चालू वकिलाला मात्र वकिलांच्या अध्यापनाविषयीच्या 1979च्या नियमांनुसार दिवसाला तीन तासांपर्यंत शिकवता येतं. मी त्यातली, तासिका तत्त्वावरची.

सोळा वर्षं जिल्हा कोर्टात आहे. त्यातली आठ वर्षं सकाळच्या सत्रात पुरावा कायदा शिकवला. कलम 27, म्हणजे आरोपीनं पोलिसांना दिलेल्या माहितीवरून वस्तू सापडली तर त्या माहितीतलं किती पुराव्यात येतं ते सांगणारं कलम, आलं की (आता ते नव्या कायद्यात कलम 23च्या परंतुकात आहे) मी नावं खोडलेला मेमोरंडम पंचनामा (आरोपीचं असं निवेदन पंचांसमोर लिहून घेतलेला कागद) मुलांच्या हातात द्यायचे. ‘ज्या सुऱ्यानं त्याला मारलं तो विहिरीपाशी पुरलाय, काढून देतो.’ यातलं ‘मारलं’ पुराव्यात येत नाही, सुरा पुरलाय ते येतं. मुलं पेन्सिलीनं तेवढे शब्द खोडायची. मग पंच फितूर झाला तर काय, यावर अख्खा तास जायचा.

त्याच कॉलेजात कायम जागा निघाली. एलएलएम होतं, सेट होती. मुलाखतीत विचारलं, शोधनिबंध किती? दोन. कोर्टातली वर्षं त्यांच्या गुणांच्या तक्त्यात बसेनात. निवड झालेल्या उमेदवाराचा महिन्याभरात मला फोन आला, पंचनाम्याची प्रत मिळेल का? मी पाठवली. त्या उमेदवारावर राग नाही, राग तक्त्यावर आहे.

तर हो, बघाच. पुरावा, दिवाणी प्रक्रिया आणि चार प्रात्यक्षिक पेपर कोण शिकवतं ते कॉलेजात जाऊन विचारा. दिवाणी प्रक्रिया संहितेतली तात्पुरत्या मनाईची ऑर्डर 39 तोंडपाठ, पण आपल्याकडे मनाईच्या अर्जाला सगळं कोर्ट ‘निशाणी 5’ म्हणतं हे ठाऊक नसलेला माणूस तुम्हाला मसुदा लिहायला शिकवू शकणार नाही.

संविधान आणि न्यायशास्त्राला हे लागू नाही, हेही सांगायला हवं. मला संविधान शिकवणाऱ्या बाईंनी एकही केस चालवली नव्हती आणि त्यांच्याइतकं चांगलं मला कुणीच शिकवलं नाही. शिवाय बोर्डावर मॅटर आहे, म्हणजे कोर्टात त्या दिवशी केस लागली आहे, म्हणून तास बुडवणारे वकीलही मी पाहिलेत.

पण मुलाखतीत एक सर म्हणाले, वकिलांना शिकवण्याची शिस्त नसते. परत येताना एसटीत आठवलं, 1935 साली मुंबईच्या गव्हर्नमेंट लॉ कॉलेजचे प्राचार्य झालेले डॉ. आंबेडकर हायकोर्टात वकिली करत आलेले होते आणि डॉक्टरेटही त्यांच्याकडे होत्या. तेव्हा तोंडून निघालं नाही. आठ वर्षांत माझे चार तास बुडाले, त्यातले तीन सासऱ्यांच्या ऑपरेशनच्या आठवड्यात. मस्टर कॉलेजातच आहे, त्या सरांनी काढून बघावं.