दत्तक बाळाला आणायला परदेशी निघण्यापूर्वी

ताई, तुमच्या सामानाच्या यादीत कपडे आणि खेळणी भरपूर आहेत, पण पहिल्यांदा जाणाऱ्यांचे पाऊल बहुधा कागदपत्रांतच अडखळते, म्हणून आधी त्याविषयी सांगते.

भारताने १९९३ च्या हेग दत्तक कराराला (एका देशातील मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराला) २००३ मध्ये मान्यता दिली असल्यामुळे, त्या देशातील कार्यवाहीबरोबरच आपल्या 'कारा' या केंद्रीय प्राधिकरणाची मंजुरीही लागते. ती हाती येईपर्यंत तिकीट काढू नका. बाळ परदेशी पासपोर्टवर येणार असेल, तर तेथील भारतीय दूतावासाकडून त्याचा व्हिसा घ्यावा लागतो, आणि त्याला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही. आम्ही आपल्या मोपा विमानतळाचे परतीचे स्वस्त तिकीट ठरलेल्या तारखेचे घेतले आणि ते वाया गेले. तुम्ही तारीख बदलता येईल असेच घ्या.

दुसरी चूक नावांची. आपल्या गोव्यात एकाच घरात 'नाईक' हे आडनाव रोमन लिपीत दोन तऱ्हांनी लिहिलेले सापडते. पासपोर्ट, जन्मदाखला आणि विवाह नोंदणी यांतील स्पेलिंग आजच ताडून पाहा.

आजी-आजोबांना मात्र या खेपेला घरीच राहू द्या. बाळ काय खाते, कसे झोपते, कोणत्या हाकेला वळते हे सांभाळणाऱ्या बाईंना विचारून लिहून घ्या आणि त्याच्या सवयीची, ओळखीचा वास असलेली, न धुतलेली एखादी चादर मिळाल्यास मागून आणा. आपली पेज त्याला हळूहळू आवडेल. परतल्यावर पहिले काही आठवडे बाळ बघायला येणाऱ्या नातेवाइकांना थोपवून धरा. चतुर्थीची वेळ असेल तर हे सर्वांत कठीण जाईल.