आठवीतल्या मुलाला गॅदरिंगच्या समूहगीतात ‘तू नुसते ओठ हलव’ असं बाईंनी सांगितलंय. तो खरंच बेसूर आहे का? नाव काढून घेऊ का?

नाव काढू नका. मी शाळेत संगीत शिकवतो आणि तुमच्या बाईंनी जे केलं ते मीही एकदा केलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सहावीपर्यंत छान गायचा आणि आता ‘कुठेतरी भलतीकडेच जातो’, असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे बहुतेक आवाज फुटतोय. या वयात मुलांचा गळा वाढतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज हळूहळू जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. अडचण मधल्या महिन्यांची असते. वरचा सा गेलेला असतो आणि खालचा सा अजून आलेला नसतो. कधीकधी हातात जेमतेम पाच-सहा स्वर उरतात. ज्येष्ठमध, हळद-दूध खुशाल द्या, घशाला बरं वाटेल; पण आवाज फुटायचा तो फुटणारच.

त्यात हल्ली गाणी बसतात ट्रॅकवर, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या साथीवर. ट्रॅकची पट्टी, म्हणजे सा धरायची उंची, मूळ गायिकेची, बहुतेकदा काळी चारच्या (पेटीवरच्या चौथ्या काळ्या स्वराच्या) आसपास. मुलींना ती चालते. आवाज फुटलेला मुलगा अंतऱ्याला तार सा (वरच्या सप्तकातला सा) गाठायला जातो, आवाज चिरकतो, सगळे मागे वळून बघतात आणि तो बेसूर ठरतो. पेटी असेल तर पट्टी खाली घेता येते. ट्रॅकचीही मोबाइलवरच्या साध्या ॲपने एक-दोन स्वरांनी उतरवता येते, पण गॅदरिंगच्या धामधुमीत तेवढं कोण करतंय!

घरी एक करून बघा. तानपुऱ्याचं ॲप काळी एक किंवा काळी दोनला, म्हणजे खालच्या पट्टीला लावा, दोन मिनिटं नुसतं ऐकू द्या आणि मग त्याला सा लावायला सांगा. ओरडायचं नाही, बोलतो त्या आवाजात. लागला तर प्रश्न सुराचा नाही, पट्टीचा आहे. नाही लागला तर त्याच्या आवडीचं गाणं मुद्दाम एका ओळीत चुकवून म्हणा. त्याने तोंड वाकडं केलं की समजा कान शाबूत आहे. खरोखर सूर कळत नाही असं मूल फार विरळा.

आता माझी गोष्ट. गॅदरिंगला आठ दिवस राहिले असताना एका मुलाला मी हेच सांगितलं, ‘नुसते ओठ हलव’. त्याने निमूट ऐकलं. कार्यक्रम छान झाला, टाळ्या पडल्या. नंतर व्हिडिओ बघताना लक्षात आलं, दुसऱ्या ओळीत तो एकटाच बरोबर जागी श्वास घेत होता. बाकीचे ओळ मध्येच तोडत होते. पुढे एकदा परिपाठाला मी त्याच्या समोरच उभा होतो. राष्ट्रगीताची 52 सेकंदं त्याचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. तिथे तर त्याला कोणीच काही सांगितलेलं नव्हतं.

तेव्हापासून मी आवाज फुटलेल्या मुलांना मागच्या ओळीत, माइकपासून लांब उभं करतो. ध्रुवपद बहुधा सा ते प एवढ्यातच फिरतं, ते त्यांनी खालच्या सप्तकात म्हणायचं. अंतऱ्याला गप्प, किंवा नुसता खालचा सा धरून ठेवायचा. गाण्याला खालून भरीवपणा येतो, ऐकणाऱ्यांना वाटतं सरांनी काहीतरी खास बसवलंय.

बाईंशी बोलताना तक्रारीच्या सुरात बोलू नका. चाळीस मुलं, पुढे दोन माइक आणि समोर मुख्याध्यापक, त्यांचीही धास्ती खरी असते. तालमीनंतर एकटं गाठा आणि एवढंच विचारा: “तो मागे उभा राहून फक्त ध्रुवपद खालच्या आवाजात म्हणाला तर चालेल का?” शक्यतो हो म्हणतील. माइकजवळ कोण उभं राहतं याचीच त्यांना खरी काळजी असते.

आणि थोरली बहीण चिडवते म्हणालात ना, तिला काळी एकला तेच अख्खं गाणं म्हणायला लावा. ध्रुवपदातच घसा बसेल.