भाषाविज्ञानाची जागा निघाली, आता काय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

विद्यापीठांच्या जाहिरातींची नुसती चर्चा सुरू झाली तरी माझ्याकडे सहायक प्राध्यापक भरतीचे प्रश्न येतात. यावेळी भाषाविज्ञानवाले जास्त आहेत म्हणून त्यांचेच घेतो.

नेट (प्राध्यापकपदाची देशपातळीवरची पात्रता परीक्षा) झालंय, पीएचडी अर्धवट आहे. विद्यापीठात अर्ज करू का? (धरमपेठ)

करा ना, थांबलात कायले? पीएचडी सक्तीची होणार होणार असं 2018 पासून चाललं होतं, पण जुलै 2023 पासून यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) ती ऐच्छिक केली. एमएला 55 टक्के (राखीव प्रवर्गांना 5 टक्के सूट) आणि नेट किंवा सेट (राज्यपातळीवरची तशीच परीक्षा), एवढं किमान पाहिजे. पण पात्र ठरणं वेगळं अन् मुलाखतीचं बोलावणं येणं वेगळं. मुलाखतीला कोणाला बोलवायचं ते ठरवणाऱ्या यूजीसीच्या 2018 च्या गुणतक्त्यात विद्यापीठासाठी पीएचडीला 30 गुण आहेत, नेटला 5, जेआरएफसहित (म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसह) नेटला 7, म्हणजे पीएचडीवाले चारपाच जण आले की तुमचं नाव खाली जातं. कॉलेजच्या तक्त्यात पीएचडीला 25 आणि नेटला 8, तिथे अंतर जरा कमी, म्हणून दोन्हीकडे भरा. फक्त जाहिरातीत कोणता नियम लावलाय ते नीट वाचा, राज्य सरकार त्यात आपलं काहीतरी घालत असतं.

एमए आणि नेट मराठीत, पीएचडी पूर्व विदर्भातल्या झाडीबोलीच्या ध्वनिव्यवस्थेवर. भाषाविज्ञानाच्या जागेला चालेल? (उमरेड)

ताई, छाननीवाला आधी मार्कशीटवरचा विषय बघतो, प्रबंध नंतर. जाहिरातीत 'संबंधित किंवा संलग्न विषय' असं असेल तर भरा, आणि मुदतीच्या आत आस्थापना विभागाला लेखी विचारून उत्तर जपून ठेवा, फोनवरचं 'हो चालते' नंतर कोणी ओळखत नाही. खरं सांगू का, एमए मराठीला भाषाविज्ञान शिकवावंच लागतं आणि ते शिकवायला लोक कचरतात, त्यामुळे मराठी विभागाच्या जागेत तुमचं पारडं जास्त जड आहे. तरी भाषाविज्ञानच पाहिजे असेल तर त्या विषयातली एमए करून टाका, वर्ध्याचं हिंदी विद्यापीठ हाकेच्या अंतरावर आहे, पुण्याला डेक्कन कॉलेज आहेच.

मुलाखतीत नेमकं काय विचारतात? (महाल)

समोर कुलगुरू, डीन, विभागप्रमुख आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ असतात. तज्ज्ञ सोडले तर बाकीच्यांना तुमचा विषय येत नाही हे लक्षात ठेवा, निम्मी मुलं इथेच गडबडतात, सिद्धांतांची नावं फेकत सुटतात आणि कुलगुरू घड्याळ बघायला लागतात. पाच मिनिटं शिकवून दाखवा म्हटलं तर अल्पप्राण-महाप्राण (कमी हवेची अन् जास्त हवेची व्यंजनं) घ्या, तोंडासमोर कागदाची पट्टी धरून आधी 'ताट' म्हणा मग 'थाट', दुसऱ्या वेळी पट्टी फडफडते, डीनलासुद्धा कळतं. मग आपल्याकडचं उदाहरण काढा. डोळ्याचा डोया होतो, पोळ्याचा पोया होतो, हे नागपूरकराला सांगावं लागत नाही बाप्पा, पण तज्ज्ञ पुढे विचारणारच की हे कोण बोलतं, घरी बोलणारा सरांसमोर बदलतो का, बाजारात काय होतं, तुम्ही किती जणांचं रेकॉर्ड केलं. याचं उत्तर स्वतःच्या वहीतून आलं की तिथेच फरक पडतो. पाठांतर लगेच उघडं पडतं.

मी विभागप्रमुख आहे. एकच जागा आहे, जाहिरातीत स्पेशलायझेशन काय लिहू? (अमरावती रोड)

सर, एकाच माणसाकडून संगणकीय भाषाविज्ञान, भाषांतर, भाषाशिक्षण, फील्डवर्क सगळं मागू नका, असा माणूस मिळत नाही आणि मिळाला तर टिकत नाही. माझं मत विचाराल तर फील्डवर्क, म्हणजे लोकांत जाऊन त्यांची बोली नोंदवणं. विदर्भात गोंडी आणि कोलामी द्राविडी, मेळघाटात कोरकू मुंडा कुळातली, हलबी-वऱ्हाडी इंडो-आर्यन, आणि बुलढाण्याकडची निहाली तर कोणत्याच कुळात बसत नाही. एवढी सामग्री दाराशी असताना आपली मुलं इंग्रजी पुस्तकातलीच उदाहरणं पाठ करतात, हे मला पटत नाही. संगणकाचं काम येत असेल तर 'प्राधान्य' म्हणून लिहा, अट घालू नका.

पैसे देऊन पेपर छापले तर गुण मिळतात का? (काटोल)

केअर यादी, म्हणजे मान्यताप्राप्त शोधपत्रिकांची यादी, यूजीसीने 2025 मध्ये बंद केली, म्हणून काहींना वाटतं रान मोकळं झालं. तक्त्यात विद्यापीठासाठी एका पेपरला 2 गुण आणि सगळे मिळून जास्तीत जास्त 10, त्यासाठी दहा-बारा पेपर विकत घ्यायची गरजच काय? तज्ज्ञ त्यातलाच एक उघडून विचारतात की ही वाक्यं कुठून गोळा केली.