चित्रांनाही काही सांगू दे

प्रिय मित्रा,

तुझ्या कादंबरीचा खर्डा आणि सोबतची चित्रं सावकाश पाहिली. गोष्ट चांगली आहे आणि चित्रातला हात तर त्याहून चांगला. अडचण एकच आहे. मजकुरात जे सांगून झालं, तेच चित्रं पुन्हा सांगतात.

माळ्यावरचा प्रसंग घे. मजकूर म्हणतो, मुलगी कंदील घेऊन वर चढली, सगळीकडे धूळ होती, कोपऱ्यात जुनी पेटी होती. चित्रात काय आहे? मुलगी, कंदील, धूळ, पेटी. मग वाचणारं मूल त्या चित्रावर थांबेल कशाला? हे सगळं वर्णन काढून टाक. एकच वाक्य ठेव: ‘माळ्यावर कोणीच नव्हतं.’ आणि चित्रात पेटीचं झाकण किंचित उचललेलं, फटीतून चार बोटं बाहेर आलेली. मुलीची पाठ तिकडे आहे. तिला जे माहीत नाही ते वाचकाला कळलं, की पान उलटल्याशिवाय त्याला राहवणार नाही.

ब्रायन सेल्झनिक यांची ‘द इन्व्हेन्शन ऑफ ह्यूगो कॅब्रे’ (२००७) मिळवून बघच. पाचशेहून जास्त पानांची कादंबरी, आणि सुरुवातीची कितीतरी जोडपानं नुसती पेन्सिलची चित्रं. आधी चंद्र, मग पॅरिस, मग रेल्वे स्टेशन, मग गर्दीतला एक मुलगा. दर पानाला आपण त्याच्या आणखी जवळ जातो. ही चाल हौस म्हणून आलेली नाही. गोष्टच मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक जॉर्ज मेलिएस यांच्यापाशी जाऊन पोचते, म्हणून पुस्तकही मूकपटासारखं उलगडतं. चित्रपुस्तकांसाठीचं कॅल्डिकॉट पदक २००८ साली या जाडजूड कादंबरीला मिळालं, ते मला अगदी रास्त वाटतं. तुझ्या गोष्टीलाही चित्रं का हवीत, याचं उत्तर तिच्या आतूनच मिळायला हवं.

शब्दांवर मात्र अन्याय करू नकोस. वास, आवाज, सवयी, मधे गेलेली वर्षं, मनात दाबून ठेवलेला राग हे शब्दांत एका ओळीत येतं. चित्रात त्यासाठी फार खटपट करावी लागते. आजीच्या खोलीतला औषधांचा वास तू जसा लिहिलाय, त्याला अजिबात हात लावू नकोस. तिथलं चित्रच काढून टाकलंस तरी चालेल.

आता काम. पक्की चित्रं करणं थांबव. साधे कागद दुमडून अख्ख्या पुस्तकाची डमी कर, मजकूर कापून चिकटव आणि चित्रांच्या जागी ओबडधोबड रेघा मार. प्रश्न उजव्या पानाच्या शेवटी आला आणि उत्तर पान उलटल्यावर मिळालं, तरच उत्कंठा टिकते. समोरासमोर आले तर नजर आधीच उत्तरावर जाते. जोडपानावरच्या चित्रात चेहरा मधल्या शिवणीत जाऊ देऊ नकोस, बांधणीत नाक-डोळे गडप होतात. मुलगी समोरून, बाजूने, पाठमोरी, रडताना, धावताना अशी एका कागदावर काढून भिंतीवर लाव, म्हणजे शेवटच्या प्रकरणापर्यंत ती तीच राहील.

डमी झाली की पहिली तीन प्रकरणं पाठव. रंग नकोत, शाई नको. फक्त पानं उलटता आली पाहिजेत.

सस्नेह